कल्ल्यातलं जोडपं

प्रिय नवरोबा,

आधी तोंड गोड कर, मगच पुढचं वाच. मला माशाच्या कल्ल्यांत सापडलेला तो किडा साऱ्या जगाला नवा आहे! त्याच्या चिमट्यांची ठेवण माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेना. आज आमच्या विभागप्रमुख बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, "अगं, ही नवीच जात आहे!" मी अशी नाचले की माशांच्या टाकीवर जाऊन आदळले. टाकी शाबूत आहे. मीही.

नाक मुरडू नकोस, ऐक. हे किडे तांदळाच्या दाण्याएवढे, नदीतल्या माशांचं रक्त पिऊन जगतात. लहानपणी एकेकटे असतात. जोडीदार भेटला की एकमेकांना असे चिकटतात की दोघांचं एकच अंग होऊन जातं, तेही जन्मभरासाठी. भेटलाच नाही, तर बिचारे वाढतच नाहीत.

नाव ठेवायचा मान माझा. तुझं ठेवू का? आईंना मात्र आधी विचार, नाहीतर म्हणतील, "सुनेने माझ्या पोराचा किडा केला!" त्यांचा गुडघा कसा आहे? आणि तू अजून ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवतोस का? मीही इथे तशीच जेवते, एकटीसाठी ताट कोण मांडणार, म्हणून विचारलं.

बाईंनी खूश होऊन रजा दिली आहे. रविवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर ये, आणि चारचौघांत मी चिकटले तर लाजू नकोस. शास्त्राला धरूनच आहे ते.

तुझीच,
किडेवाली