ओवाळणीत मागितलेलं रिकामं घर

आसगाव, ता. पवनी
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५
दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं

प्रिय हर्षाताई,

आत्ता बाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्यांत बांधून झाल्या. रविवारपर्यंतच्या पुड्यांवर वेळा लिहिल्या आहेत, सोमवारपासूनच्या कोऱ्या ठेवल्या आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं महत्त्वाचं तेवढं राहून जातं. नववीत शाळा सुटली तरी लिहिताना माझं काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहे.

भाऊबीजेला तू ताट खाली ठेवून म्हणालीस, "साडी नको, पैसे नको. ओवाळणीत हे घर रिकामं करून दे." ओवाळणी मागितल्यावर बहिणीला नाही म्हणत नाहीत, म्हणून पुण्याहून येतानाच तू ते ठरवून आली होतीस. मी बाबाकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "दे ना बे तिले. पोरगी सालातून एक डाव येते, कायले तोंड पाडून राहिला?" मग तू मिनिमलिझम समजावलंस: वस्तू कमी, डोकं शांत; यादीत उरलं नाही ते घराबाहेर. मी वहीत एकसष्ट वस्तू लिहिल्या, त्यातल्या बेचाळीस वस्तूंवर तू काट मारलीस. दुसऱ्या दिवशी पवनीचा भंगारवाला हिरालाल टेम्पो घेऊन आला आणि विचारू लागला, "काहून जी, गाव सोडून चालले का?" तू हसलीस. मीही हसलो. टेम्पोत चढवलं सगळं मीच.

त्यात आपल्या वारलेल्या आईची कपड्यांची पेटी होती, धान साठवायची बांबूची ढोली होती, जातं होतं. काचबिंदूने बाबाची नजर जाऊन चार वर्षं झाली, तरी लघवीला मागच्या दारापर्यंत तो एकटा जायचा, ते कशावर? खाटेवरून उठला की डावा हात पेटीवर, तिथून तीन पावलांवर ढोली, ढोलीला वळसा घातला की पायाला जातं लागायचं आणि जात्यासमोर दार. तुला वाटायचं, बाबाला घर पाठ आहे. पाठ होतं ते सामान. मला हे माहीत होतं, ताई. टेम्पो भरताना अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या दिवशी तू मला पहिल्यांदा शाबास म्हणालीस.

तू पुण्याला पोचून रिकाम्या खोलीचा फोटो टाकलास, लोकांनी वाहवा केली. इथे बाबा खाटेवरून उतरेना. दर वेळी माझा हात मागायची त्याला लाज वाटे, म्हणून त्याने पाणी पिणंच कमी केलं. मी रागावलो की म्हणे, "तहानच लागून नाही राहिली." पाच नोव्हेंबरला मी धान कापायला गेलो होतो. शेजारच्या कलाबाई ताक द्यायला आल्या तेव्हा तो खोलीच्या मधोमध पालथा पडलेला होता, दोन्ही हात पुढे पसरून. हाताला लागेल असं तिथे काहीच नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता चालणं नाही. तुला मी फोनवर पाय मुरगळला म्हणून सांगितलं, कारण बाबाने शपथ घातली होती. ती आज मोडतो.

भाऊबीजेआधी तू मला मिनिमलिझमचा व्हिडिओ पाठवला होतास, तो मी नंतर शेवटपर्यंत पाहिला. तू बहुतेक अर्ध्यातच बंद केला असशील. पुढे त्यात दुसरा शब्द आहे, इसेन्शियलिझम. पहिल्यात विचारतात, किती कमी करता येईल. दुसऱ्यात आधी विचारतात, कशावाचून चालणार नाही, आणि मगच बाकीच्याला हात लावतात. आपण विचारलंच नव्हतं. म्हणून परवा मी बाबाला म्हणालो, ज्यांच्यावाचून तुझं अडतं अशा पाच गोष्टी सांग. तो बराच वेळ बोटं मोजत होता. खाट, घोंगडी, रेडिओ, तंबाखूची डबी. पाचव्या बोटाला म्हणाला, "हर्षा." मी विचारलं, "आन मी?" तर म्हणे, "तू तं आहेसच ना बे."

वीस दिवस मी त्याचं शौचाचं भांडं काढतो आहे, कूस बदलतो आहे, तरी मोजताना मी त्याच्या बोटावर आलो नाही. मी चिडलेलो नाही, नीट विचार केला आहे. यादीत उरलं नाही ते घराबाहेर, हा नियम तुझाच. नागपूरला एका गोदामात माल मोजायचं काम मिळालं आहे. सोमवारी, एक डिसेंबरला, सकाळी सात दहाच्या बसने मी निघतो. बाबाला सांगितलेलं नाही, तूच सांग. शनिवारची गाडी पकडलीस तर रविवारी पोचशील. नाही पोचलीस तरी मी निघणार आहे. पाणी दर दोन तासांनी द्यायचं असतं. पाहिजे का, असं विचारू नको, तो नाहीच म्हणतो. पेला सरळ ओठाला लाव.

तुझाच धाकटा,
धर्मेंद्र