राखीव

(नाक्याच्या रोजनिशीतली निवडक पानं)

१४ मार्च १९५५
आज दुपारी उडुतलंकेवर येऊन पोचलो. आरमोरीहून निघाल्याचा हा पाचवा दिवस. चांद्यापर्यंत मोटार, पुढे लाकडाच्या ट्रकवर, मग बैलगाडी आणि शेवटी काठावरच्या मर्रीटोला पाड्यातल्या झाडू नावाच्या गोंडाचा डोंगा. अंग खिळखिळं झालं आहे, पण मन खूश आहे. प्राणहिता इथे दोन फाट्यांनी वाहते आणि मधे हे बेट. इकडचे तेलुगू लोक नदीतल्या बेटाला लंका म्हणतात आणि उडुत म्हणजे खार. झाडू नुसतं 'बेट' म्हणतो.

नाका म्हणजे दगडी ओट्यावरची एक खोली. भोवती मोह, बेहडा, जांभूळ. तिघांच्या कवेत मावणार नाहीत अशी झाडं. त्यांच्यावर शेकरू. शेकरू मी आलापल्लीच्या रानात पुष्कळ पाहिली आहेत, तांबूस पाठीची. इथली पूर्ण काळी, फक्त गळा पांढरा. दोन्ही काठांवर असं एकही नाही. शेकरू पोहत नाही, म्हणून ही इथलीच.

रेंजर गुणवंतरावांनी निघताना ही छापील रोजनिशी हातात दिली. नियम साधा आहे: रोज तारीख, मजकूर, सही. लागोपाठ तीन दिवस कोरे दिसले, तर नाका रिकामा समजायचा आणि बेटाच्या लाकडासाठी ठेकेदाराचा अर्ज पडला आहे तो विचारात घ्यायचा. बेट कायमचं राखायचं की नाही, ते चांद्याचे मोठे साहेब दहा जूनला पाहणी करून ठरवतील. मागचे नाकेदार म्हणे शनिवारी बसून अख्खा आठवडा भरून काढत. मी रोज लिहीन. बोलायला इथे दुसरं आहे कोण?
मुखरू भोयर, नाकेदार.

१७ मार्च
पाटी लावली. सागाची फळी, पांढरा रंग. वरून आलेला मजकूर एवढाच होता: 'हे बेट राखीव आहे.' मला तो अपुरा वाटला. खाली मी माझ्या मनाने ओळ घातली: 'येथे जे जे आहे ते सर्व राखीव आहे.'

झाडूची बायको सुकरी आंबील घेऊन आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. ती एकेक विचारत गेली. झाडं? हो. शेकरू? हो. नदीतल्या मासोळ्या? काठापासून वीस हातांपर्यंत, हो. मग ती पाटीकडून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अन् तुमी बी?"

मला हसू आलं. म्हटलं, "हो बाई, मी बी."

तिने आंबिलीचं मडकं माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं आणि हात जोडले. झाडू डोंग्यापाशी उभा होता. तो हसला नाही. एरवी तो फार गमत्या आहे. काल माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, तुमचा पेन खिशात, आमचा झाडात. गोंडीत देवाला पेन म्हणतात.

२६ मार्च
मर्रीटोल्याची माणसं फार मायाळू आहेत. रोज कोणीतरी येतं. मोहफुलं, तेंदूची पिकली टेंभरं, चारोळीची चारं. ओट्यावर ठेवतात, चार पावलं मागे सरतात आणि मी खाईपर्यंत उभे राहतात. हातात मात्र कोणी काही देत नाही. झाडू पहिल्या दिवशी माझ्या बिडीवर बिडी पेटवत होता, आता दुरून काडी फेकतो. सरकारी माणसाचा मान असेल. आरमोरीत शकुबाईला कळवलं पाहिजे की तिच्या भावाला इथे देवासारखं ठेवतात.

एक गंमत. दुपारी जांभळीवर एक शेकरू ओरडतं, ते हुबेहूब बकरीसारखं. पहिल्यांदा मी बकरी शोधत सगळं बेट फिरलो.

९ एप्रिल
आज भांडण झालं. ठेकेदाराचा माणूस बिरजू भर दुपारी आला. सोबत दोन डोंगेवाले, जाळी, आणि बांबूचे सहा पिंजरे. काळ्या शेकरूची जोडी म्हणे कलकत्त्याला जाते आणि तिथून बोटीने परदेशात. बोलायला मोठा वस्ताद. डाव्या कानाची पाळी अर्धी नाही. लहानपणी उंदराने कुरतडली, तेव्हापासून मी सरकारचं अर्धंच ऐकतो, असं स्वतःच सांगतो.

मी जाळ्यापुढे उभा राहिलो. तो म्हणाला, "नाकेदार, तू कोनाचं खाते? सरकारचं. अन् सरकार कोनाचं खाते? आमच्या सेठचं. मंग तू आमाले काऊन अडवून राह्यला?" मी कुऱ्हाडीने जाळं उभं कापलं. त्याचा रंग बदलला, पण त्याने हात उचलला नाही. पाटीपाशी गेला, बोट फिरवत मोठ्याने वाचली आणि खो खो हसला.

"जे जे हाय ते सर्व. मंग मी बी राखीव का बे?"

मीही तापलो होतो. म्हटलं, इथं उभा आहेस तोवर तू बी.

"चाल. झालो मी राखीव. आता जेवाले घाल."

त्याचे डोंगेवाले मात्र हसायचे थांबले. जाळं तिथेच टाकून डोंग्यात जाऊन बसले.

१० एप्रिल
बिरजू नाही. काल जेवून मोहाखाली आडवा झाला होता. डोंगेवाल्यांनी लांबूनच हाका मारल्या आणि तो उठेना, तेव्हा त्याला टाकून गेले. उठून गेला असेल म्हणून मीही पाहिलं नाही.

आज त्याचं धोतर आणि सदरा सापडला. मोहावर, जमिनीपासून चार पुरुष उंचीवर, फांदीच्या बेचक्यात. फाटलेला नाही. एक बटणही तुटलेलं नाही.

पाटीच्या वरच्या फांदीवर एक शेकरू बसून आहे. दुपारपासून हललेलं नाही. त्याचा डावा कान अर्धा आहे.

१२ एप्रिल
झाडूला समोर बसवून विचारलं. तो खाली पाहून बोलत होता, म्हणून जसं समजलं तसं लिहितो.

बेट सरकारने आज राखीव केलं, यांच्या आजे-पणज्यांनी केव्हाच केलेलं आहे. दर वर्षी टोल्यातली एक बकरी बेटाला देतात. कापत नाहीत. मोहाखाली उभी करतात आणि विचारतात, "तू बी?" तिने मान हलवली की ती राखीव. मग तिला कोणी शिवत नाही, गोडधोड खाऊ घालतात आणि बेटावर सोडून येतात. बेट तिला आपल्यात घेतं. कापलेल्या झाडाच्या, मेलेल्या जिवाच्या जागी बेटाला कोणीतरी लागतं. माणूस आजवर कोणी दिला नाही. कारण विचारल्यावर हो म्हणणारा माणूस कोणी निघाला नाही.

मी विचारलं, मग मला का विचारलं? सुकरी दाराशी होती. म्हणाली, "तुमीच तं वाचलं, जे जे हाय ते सर्व. म्या म्हनलं इचारून घ्यावं. तुमी हासत हो म्हनलं. एवढ्या मनानं कोनी देत नाई, म्हून हात जोडले." मग माझ्या तोंडाकडे पाहून ती खाली बसली. "तुमाले मालूम नवतं?"

ती बराच वेळ रडली. आपलंच चुकलं, असं तिला वाटत होतं. मी तिला समजावत होतो. अजब आहे.

बिरजूला एका रात्रीत घेतलं, मग मला महिनाभर का नाही? झाडूला वाटतं, मी रोज सही करतो म्हणून; नाव लिहिणाऱ्याला बेट हळूहळू घेतं. सुटका आहे. राखीव बकरी आपल्या मनाने नदी ओलांडून परत आली, तर तिला सोडून देतात, पुन्हा विचारत नाहीत. झाडू म्हणाला, आत्ता डोंग्यात बसा.

१३ एप्रिल
ट्रंक डोंग्यात ठेवली होती. एक पाय आत, एक वाळूत. तेवढ्यात टपालाचा माणूस काठावर आला. गुणवंतरावांचा कागद. बिरजूला मी मारून पुरला अशी ठेकेदाराची तक्रार आहे. चौकशीपुरता नाका सोडून हजर व्हावं. रोजनिशी लिहिणं बंद करून जमा करावी.

दोनदा वाचला. चौकशीचं एका ओळीत उरकलं आहे. रोजनिशी बंद करा, हे मात्र खाली रेघ ओढून.

मी गेलो तर तीन दिवसांत नाका रिकामा. साहेब येतील तेव्हा इथे नुसते बुंधे असतील. एकही काळं शेकरू जगात उरणार नाही, आणि मी आरमोरीच्या बाजारात धान विकत बसेन, जिवंत.

ट्रंक उतरवली. झाडू मला येडा म्हणाला. मी म्हटलं, दहा जूनपर्यंत येडा. तोवर बेटाला माझ्याशी झगडावं लागेल आणि गुणवंतरावांनाही.
मुखरू भोयर, नाकेदार. नाक्यावर हजर.

२९ एप्रिल
तब्येत बरी आहे असं लिहायचं होतं. नाही. भात तोंडात फिरतो, गिळवत नाही. कच्ची टेंभरं सालीसकट खातो. जमिनीवर झोप लागत नाही. छातीत धडधडतं, कोणीतरी खालून येईल असं वाटतं. मोहाच्या पहिल्या बेचक्यात गोणपाट टाकलं आहे. तिथे लागते.

अर्ध्या कानाचं रोज येतं. माझ्यासमोर बसून खोकतं. बिरजूला बिडीचा खोकला होता.

रोज लिहितो. एकही दिवस कोरा नाही.

१८ मे
गुणवंतराव स्वतः आले. डोंग्यातून उतरले नाहीत. वीस हातांवरून ओरडून रोजनिशी मागितली. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, वर सांगेन, नाका एप्रिलपासून ओस आहे. मी रोजनिशी उघडून एकेक पान त्यांच्याकडे धरलं. तारखा मोजा म्हटलं, रावसाहेब, नीट मोजा, एक चुकली असेल तर आत्ता बेट सोडतो.

ते तारखा पाहत नव्हते. माझे हात पाहत होते. डोंगेवाल्याला म्हणाले, चल, लवकर.

मीही मग पाहिले. नखं. रोज दगडावर घासतो तरी. आणि मनगटापासून वर काळं, मऊ, दाट.

२४ मे
झाडू आज पुन्हा डोंगा घेऊन उभा होता. म्हणाला, "अजून पानी उथळ हाय. चाला." वाळूपर्यंत गेलो. पाण्याची भीती वाटली. लहानपणापासून वैनगंगेत पोहलो, आणि घोटाभर पाण्याची भीती वाटली. परत आलो.

भीतीने परत आलो असं कोणी म्हणू नये. मी परतणारच होतो.

३१ मे
ऊन. उंचावर बरं असतं. रोजनिशी वर नेता येत नाही, पानं फाटतात. लिहायला खाली उतरावं लागतं. उतरताना डोकं खाली, तेच सोपं पडतं.

शकुबाई— तुला पत्र लिहायचं राहिलं. हेच समज.

३ जून
पेन धरता येत नाही. अंगठा वळत नाही. दोन मुठींत धरून लिहिलं. अर्धा दिवस गेला एवढ्याला.

सही केली.

५ जून
सुकरी आली. माझ्या मुठीला सुतळीने पेन्सिल बांधून दिली. तिने मला शिवलं. झाडू ओरडला, राखीवला शिवतात का. ती म्हणाली, "पेन रागवंल तं मले रागवंल. याचं लिवनं होऊ दे."

अडीच महिन्यांत पहिल्यांदा माणसाचा हात.

६ जून
बोलता येत नाही. ओरडलो तर जांभळीवरून बकरीने उत्तर दिलं.
मुखरू भोयर.

७ जून
अक्षरं विसरतात. 'भ' कसा— आठवला. भोयर. हजर.

८ जून
तीन माणसं, कुऱ्हाडी. पाहणीआधीच साफ करायचं ठरलं असेल. आम्ही खाली उतरलो. सगळे. नुसते पाटीभोवती बसलो. मी आणि बिरजू पुढे. ते पळाले. कुऱ्हाडी इथेच—

आम्ही, असं लिहिलं का मी. खोडत नाही.

९ जून
बेटाला म्हटलं एक दिवस. उद्या घे, आज नको. मी हो म्हटलं होतं ते न समजता. आज समजून म्हणतो. पण उद्या. लिहून झाल्यावर.

सुतळी कुरतडावी वाटते. दात शिवशिवतात. नाही कुरतडणार.

हजर.

१० जून
डोंगा. ऐकू येतो, अजून लांब आहे. साहेब, गुणवंतराव, बंदूक एक.

रोजनिशी पाटीखाली दगडावर ठेवतो. साहेब, वाचून हसा. पण तारखा पाहा. चौदा मार्चपासून. एकही कोरी नाही.

ते म्हणतील नाका रिकामा. नाही. साहेब, वर बघा. मोहावर, पहिलं बेचकं. मुखरू भो

कामावर हज—