उन्हाला धरलेलं अंडं

गुजरात, डिसेंबर १९९८

सौ. नीलम,
तुझा ज्योतिबा इकडं मजेत हाय, आधी तेवढं वाच.

मी ज्यांची जीप चालवतो त्या साहेबांना डायनासोरची अंडी घावली! नारळाएवढी, पार दगड झालेली. एक माझ्या हातात दिलं, तर मी ते उन्हाला धरलं, माझी आई कोंबडीखाली ठेवायच्या आधी अंड्यात जीव हाय का बघते तसं. सगळे हसून लोळले. मग साहेबांनीबी गुपचूप धरून बघितलं!

आपल्या मांडवगणच्या हिरीतला काळा दगूड तवा लाव्हा होऊन वाहत होता, आन् त्याच काळात ही जनावरं संपली, असं साहेब म्हणत्यात.

कासुर्डीला माहेरी पायाची सूज उतरली का? कळशी उचलू नको.

ह्या अंड्यांची वाट बघणारं कुणी उरलं न्हाई. आपल्या बाळासाठी मला सुट्टी मिळाली, शनिवारी पोचतो. तोवर खुडूक कोंबडीवानी जागची हलू नको!

तुझाच,
ज्योतिबा