प्रदीपचा भोंगा

सालवड, बोईसर
९ फेब्रुवारी

प्रिय मेहुल,

तू फोन उचलत नाहीस, पण पत्र त्यासाठी नाही. मला बोलताच येत नाही. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारांनी बांधून ठेवलाय. बाकी घरी ठीक. माझी दीपा तुझी आठवण काढते आणि काढताना शिव्याही घालते. पुण्याला थंडी असेल, जप.

रंगाच्या कारखान्यातला स्फोट तू बातम्यांत पाहिला असशील. बातम्यांना वास नसतो. मंगळवारी भर दुपारी रिअ‍ॅक्टर फुटला, झाकण छप्पर फोडून रस्त्यापलीकडे पडलं. तुझा चुलतभाऊ प्रदीप स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. शर्ट कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मला ओळखलं त्याने. म्हणाला, "शैलेशदा, भोंगा वाजला नाय." पालघरचं हॉस्पिटल यायच्या आत गेला.

लोकांनी 'राखण'चा डबा भिंतीवरून उपटून रस्त्यावर दगडांनी ठेचला. आपण दोघांनी बनवलेलं राखण. रिअ‍ॅक्टर तापला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं म्हणून आपण ते जगापुढे मोकळं ठेवलं होतं. डबा संपल्यावर लोक माझ्याकडे वळले. लाथा खाल्ल्या. मीही एकाचं नाक फोडलं, आणि बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

पोलिसांना लिहून दिलं, पळताना पडलो. दीपालाही तेच. तुला खरं सांगतो. भगवंतकाकांनी मारलं मला. तुझ्या बाबांनी. हातात पाना होता. "दोगांचा भोंगा ना तुमचा? मग माझा पुतण्या कसा मेला?" एवढं विचारून ते थांबले होते. उत्तर द्यायला मला वेळ होता. मी दिलं नाही. मग पाना बसला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा उचलला आणि टाकून दिला, मग ते मातीत बसून रडायला लागले.

उत्तर तुला माहीत आहे. दिवाळीत आलास तेव्हा आपण टपरीवर बसलो होतो. सेन्सर बंद पडला तरी जुनाच आकडा दाखवत राहतो आणि भोंगा गप्प बसतो, ही चूक तू शोधलीस, दुरुस्तही केलीस. आपली रीत पहिल्यापासून तीच, एकाने प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्याने चहाच्या उकळत्या किटलीत सेन्सर बुडवून तपासायचं, मगच ते सगळ्यांना द्यायचं. किटली मी धरली होती. भोंगा असा वाजला की टपरीवाली काशीबाई ओरडली, "कान फाटले माजे, बंद कर ते!" मला वाटलं, दुरुस्ती सगळ्यांना गेली.

तुझ्या पुण्याच्या कंपनीने ती फक्त विकतच्या राखणमध्ये घातली. आणि प्रदीपच्या कारखान्यासारख्या फुकटवाल्यांना चूक आहे हेही सांगितलं नाही. तू तिथे बसून होतास.

त्याच कंपनीने राखणमध्ये पैसा घातला तेव्हा पेढे मीच वाटले होते. त्या पैशाशिवाय राखण बोईसरबाहेर गेलं नसतं, हे मी आजही नाकारत नाही. पण कोणाचा भोंगा वाजायचा हे पगार देणारा ठरवणार असेल, तर असलं राखण मीच ठेचलं असतं.

दुरुस्ती मी पुन्हा लिहिली असती. पण तू लिहिलेला प्रोग्रॅम मी पाहिलाय, म्हणून ती चोरी ठरेल, असं तुमच्या वकिलांनी कळवलंय. म्हणजे ती तूच मोकळी करायची. नोकरी जाईल, जाऊ दे. इथे बाराही महिने रिअ‍ॅक्टर तापतात, आणि त्यांतल्या कितींवर आपलं जुनं राखण आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

भगवंतकाका आता रोज पेज घेऊन येतात, नळीने पाजतात. काल वाटी खाली ठेवून म्हणाले, "एकच सांग. माझ्या मेहुलला हे ठावं नव्हतं ना?"

मी मान हलवली. नव्हतं.

तुझ्या बापाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. पुढच्या वेळी विचारतील तेव्हाही माझं खोटं खरं झालेलं नसणारच, पण दुरुस्ती तरी मोकळी झालेली असू दे. नसेल, तर मी मान हलवणार नाही.

अजून तुझाच,
शैलेश