बसती मापं

मुखेड
दि. १८ सप्टेंबर १९८३

चि. कावेरीस नागुमावशीचा आशीर्वाद. घरात सगळ्यांना जयभीम.

अक्काचे गुडघे कसे आहेत? शेकायला निरगुडीचा पाला धाडला होता, तो वापरते का तुझी आई, का नुसता उशाशी ठेवते? तुझ्या वडिलांचा खोकला गेला का? जावईबापूंना म्हणावं, ऑफिसला जरा पायी जात जा. तुझ्या सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. आणि तू वेळेवर जेवतेस का? मला काय धाड भरली आहे, मी ठणठणीत. मशीनचा पट्टा तेवढा सैल झालाय, या घरात तीच एक कुरकुरते.

इकडं औंदा पाऊस बरा आहे. मूग घरात आले.

पंधरा ऑगस्टला जेवायला न थांबता मी निघाले, त्याला महिना झाला. शेवटची एस.टी. चुकली असती, असं अक्काला सांगितलं होतं. एस.टी.ला अजून दोन तास होते, कावेरी.

नव्या जिल्ह्याचा पहिला वाढदिवस, लातूरला एवढा मोठा मांडव, आणि त्यात तू मुलींकडून बसवलेला बॅले. आम्ही आपलं नाच म्हणतो. पण बहात्तरचा दुष्काळ नाचात मांडता येतो, हे मला कुठं ठाऊक होतं? मला शिवण कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून बघत शिवायला शिकले, आणि माप कापायच्या रद्दी पेपरावरून वाचायला. लग्नाच्या झंपराचं सोपं असतं. नवरी बसते, फोटो निघतो, झालं. नाचातल्या कपड्यानं मात्र अंगाला वाट द्यावी लागते. तो अंगावर आहे हे पोरीनं विसरावं आणि बघणाऱ्यानंही. मी शिवलेल्या लुगड्यांनी वाट अडवली.

तू मळकं मांजरपाट सांगितलं होतंस. मी हिरवंगार कापड घेतलं, काठाला जर लावली, ताठ राहावं म्हणून आतून बकरम घातलं. मापं मुलींना उभं करून घेतली. कपडे त्याच दिवशी सकाळी आणले, म्हणून ते घालून सराव झालाच नाही. आधी सगळ्या मोरासारख्या दिसल्या, टाळ्याही पडल्या. मग पोरी खडी फोडायला खाली बसल्या, तर एकीचाही गुडघा पुरता वाकेना. पुढं होती ती आपल्या मुखेडची गुरम्मा. तिनं जोर केला, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत शिवण टर्रकन उसवली. अख्खा मांडव हसला.

पडद्यामागं ते लुगडं हातात घेऊन तू विचारलंस, "मावशी, गुरम्माबरोबर चिठ्ठी धाडली होती. मिळाली न्हाई का?"

मी म्हणाले, "न्हाई गं."

गुरम्मा तिथंच उभी होती, अंगाला सतरंजी गुंडाळून. तिनं माझ्याकडं बघितलं.

परवा बाजाराच्या दिवशी तिची आई झंपर टाकायला आली. म्हणाली, "नांदेडच्या पुढच्या खेळातून पोरीला काढलं म्हणं कावेरीबाईंनी, चिठ्ठी हरवली म्हणून. ती सांगती, मी नागुमावशीच्या हातातच दिली. लई रडायली. तुम्हीच सांगा, दिली होती का हो?"

मी सुईत दोरा ओवत होते. नेढं सापडेना. "गळा किती खोल ठेवू?" एवढंच विचारलं मी.

चिठ्ठी मिळाली होती. मी ती तीनदा वाचली. "मापं मुलींना उकिडवं बसवून घे. शिवणीत जागा ठेव. जर नको." मशीनच्या खणात होती, म्हणून तेलाचा डाग पडलाय. या पत्रात घातली आहे.

आता का केलं, ते सांगते. बहात्तरला तू वसतिगृहात होतीस. अक्का आणि मी कंधारच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. दोघींत धड लुगडं एकच, ते त्या दिवशी अक्काच्या अंगावर. मी ठिगळाचं नेसून उकिडवी बसले, आणि ते मागून फाटलं. मुकादम ओरडला, "काय गं नागुबाई, घराला खिडकी पाडलीस व्हय?" सगळा ढिगारा हसला. अक्का हातोडी टाकून उठली, आपला पदर माझ्याभोवती घेतला आणि मला घरापर्यंत आणलं. पुन्हा कधी तिनं हे काढलं नाही. तुझ्याजवळही नाही.

तुझी चिठ्ठी वाचली आणि मनात आलं, आपल्या पोरी एवढ्या लोकांत मळक्या कपड्यात उकिडव्या बसणार? नको. छान दिसू देत. म्हणून ती जर. ज्या हसण्याला मी अकरा वर्षं भ्याले, तेच मी माझ्या हातानं त्या पोरीच्या अंगावर शिवलं.

आणि ती पळाली नाही, कावेरी. एका हातानं लुगडं धरून दुसऱ्या हातानं ती खडी फोडत राहिली. हळूहळू हसणं थांबलं. मांडवात तेव्हा एकटी अक्का उभी राहिली होती, ते गुडघे घेऊन. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

गुरम्माला परत पुढं घे. हे पत्र बाकीच्या मुलींसमोर मोठ्यानं वाच, मला लाज वाटेल याची फिकीर करू नकोस. झंपर शिवून झालंय. उद्या मीच ते घेऊन तिच्या आईकडं जाते. तिनं विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं आहे.

नांदेडचे कपडे माझ्याकडं द्यायचे का नाही, ते तू ठरव. मांजरपाट आणलंय. खळ काढून दोरीवर वाळत घातलंय. कात्री लावलेली नाही.

उत्तर लौकर धाड. रागाचं असलं तरी चालेल, वाट्टेल तेवढं लिही. फक्त खाली थोडी जागा ठेव आणि तिथं मुलींची मापं लिही, बसवून घेतलेली. पहिलं गुरम्माचं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
नागुमावशी