टेबल नंबर चौदा

३ जून
नागपूरहून येऊन दोन दिवस झाले आणि बंगळुरूच्या हवेवर मी फिदा आहे. जूनमध्ये पंखासुद्धा लागत नाही. नोकरी चामराजपेटेतल्या उदबत्तीच्या कंपनीत. मालक श्रीहर्ष अण्णा इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात. काम एकच, हे ऑफिस आणि शहराबाहेरच्या होसकोट्याचं ऑफिस एका नेटवर्कवर आणायचं. अण्णांच्या वडिलांना ही वास्तू लाभली, म्हणून होसकोट्यालाही त्यांनी हुबेहूब अशीच इमारत बांधली. तेवढीच टेबलं, त्याच रांगा, तेच नंबर. माझं टेबल चौदावं, खिडकीजवळचं. आल्या आल्या त्यावर शाल्मली अशी पट्टी चिकटवून टाकली.

६ जून
घोळ सापडला. टेबलांसोबत कॉम्प्युटरचे नंबरही तेच. एका नेटवर्कवर एका नंबराचा एकच कॉम्प्युटर चालतो. दोन आले की एक बाहेर पडतो. तिकडचे नंबर बदलते म्हटलं, तर अण्णा म्हणाले, स्वल्प जपून गं, लाभलेले नंबर आहेत. मी ऐकते थोडीच. तेरा बदलले. तिथल्या चौदाव्या टेबलावर कधी कोणी बसलंच नाही, कॉम्प्युटरही नाही. तो तसाच सोडला.

९ जून
लाइन जोडली, पहिल्याच झटक्यात चालू. अण्णांनी म्हैसूरपाक वाटला. दुपारी मात्र माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरने मान टाकली. पडद्यावर सूचना, हा नंबर दुसरीकडे वापरात आहे. होसकोट्याचं ऑफिस सांभाळणाऱ्या कावेरी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, चौदावर तूच तर बसलीयेस, मघाशी कॉफी नाही का घेतली आपण? माझी फिरकी घेत असतील.

११ जून
दारावरच्या मशीनने माझं बोट नाकारलं. त्याच्या नोंदीत मी नऊ वाजताच आत गेले होते, होसकोट्यात. टेबलावरची पट्टी कोरी. अण्णांनी अदबीने विचारलं, तुम्हाला कोण हवंय? भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण घाबरून नागपूरची गाडी धरणारी मी नव्हे.

१२ जून
आईला फोन केला. ती म्हणाली, शाल्मलीशी सकाळीच बोलले, तुम्ही कोण? तासभर रडले. मग संताप आला. कॉम्प्युटर सुचवतोय, पंधरा नंबर मोकळा आहे, घ्यायचा का? नाही घेणार. टेबल माझं, नाव माझं, आई माझी. वायर मी जोडली, मीच उपटणार.

१३ जून, बसमध्ये
कंडक्टर माझ्याकडे न बघता पुढे गेला. मी हाक मारून तिकीट मागितलं. तीनदा. घेतलंच.

होसकोटे, अकरा वाजता
तीच खिडकी. चौदावर ती — पाठमोरी, माझाच हिरवा कुर्ता. वहीत काहीतरी लिहितेय.

अक्का माझ्या आरपार बघतायत. बघू देत.

वायर डाव्या मुठीत. उजव्या हाताने हे. दोघींपैकी एकच उरेल, माहीत आहे — तरी पंधरा नाही घेणार.

ती वळली. तिचीही मूठ —

मी शाल्मली. टेबल चौदा. मी आधी आले, मी इथे आ