डॅडींचा कार्बुरेटर आणि तुझं खोकं

हेझल पार्क,
२ ऑगस्ट

डेलबर्ट,

खोकं मिळालं. मी खोकं मागितलंच नव्हतं. मी कार्बुरेटर मागितला होता, डॅडींचा. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या दफनाच्या दिवशी तू गाडीतून काढून बॅगेत घातलास तो. मी रागाच्या भरात गाडी विकते म्हणाले आणि तू तिचा घसाच काढून तुझ्या घरी टक्सनला नेलास. आणि आता पाठवलंस काय, तर वायरी, पंप आणि साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर. म्हणे कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. सोबतच्या कागदावर लिहिलंय, टाकीला भोक पाडा, धुराच्या पाइपला भोक पाडा. सत्तर सालच्या जीटीओ गाडीला. डॅडींनी तिचा सिगारेटचा लायटरसुद्धा बदलू दिला नव्हता.

पत्र खुशालीनं सुरू करायचं असतं, ती राहिली. मी बरी आहे, गुडघे सोडून.

आता ऐक. गाडी सुरू झाली.

काल दुपारी. शेजारच्या रुडीचा एक जुना कार्बुरेटर उसना आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलला, मक्याचा पाव भाजायच्या ट्रेमध्ये सगळे भाग मांडले, पेट्रोलचे बारीक जेट फुंकून साफ केले, परत जोडून गाडीत बसवला. पेडलवर दोनदा पाय दाबला, किल्ली फिरवली. खोकली, परत खोकली, आणि मग असा धडधडाट उठला की माझ्या पायाखालचा पत्रा हलला. नऊ वर्षांनी. मी सीटवर बसून रडले, हे कोणाला सांगू नकोस. सतरा तारखेला शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर सगळ्यांच्या जुन्या गाड्या निघणार, आणि या वर्षी आपली ताडपत्रीखाली नसणार. मला झोप लागत नाही रे. शाळेच्या सहलीच्या आधी लागायची नाही तशी.

फक्त पिकअप घेताना अडखळते. रुडी म्हणतो, इंजेक्शन बसव आणि मोकळी हो. त्याची गाडी जानेवारीच्या थंडीत एका किल्लीत सुरू होते, ते मान्य. पण तिचं बॉनेट उघडलं की फ्रीज उघडल्यासारखं वाटतं.

फोन करू नकोस, फोन खराब आहे. रेडिओही बिघडलाय.

खोक्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी होती, ती वाचली. तू लिहितोस, "व्हर्नी, याला कान लावून बसावं लागत नाही. ख्रिसमसला फोनवर मी विचारलं, घरी येऊ का? तू म्हणालीस, बीन्स मस्त झाल्यात. मला वाटलं, येऊ नको म्हणतेयस. फार उशिरा डोक्यात प्रकाश पडला." मला इतका राग आला की खोकं टेबलाखाली लाथेनं सारलं. माझ्या कानांना काय धाड भरलीय, ते दाखवतेच म्हटलं.

म्हणून काल गाडी चालू ठेवून बागेच्या नळीच्या तुकड्याचं एक टोक कार्बुरेटरपाशी धरलं, दुसरं कानाला लावलं, डॅडींनी शिकवलं तसं, आणि स्क्रू फिरवत बसले. तासभर. मला वाटलं, झालं, लोण्यासारखी चालतेय. तेवढ्यात रुडी हातवारे करत कुंपणापाशी आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "व्हर्ना, अगं कुठल्यातरी फटीतून हवा ओढतेय ती. शिटी वाजतेय नुसती. अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय."

मी म्हणाले, "गॅरेजमधल्या पंख्याचा आवाज आहे तो."

"कुठला पंखा?" तो म्हणाला.

फोन खराब नाही, डेलबर्ट. रेडिओही नाही. एकोणतीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसजवळ उभी राहिले. डावा कान गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. रुडीला कळलंय, पण त्यानं तोंड मिटून ठेवलंय, भला माणूस.

लहानपणी नळी माझ्या कानाला असायची आणि पेचकस तुझ्या हातात. मी बोट वर केलं की तू थांबायचास. डॅडी म्हणायचे, "कान व्हर्नाचे, हात डेलबर्टचे, मी आपला बिअर प्यायला." यंदा अदलाबदल करू. नळी तू लाव, स्क्रू मी फिरवते. बोट वर केलंस की थांबेन. डोळे अजून धड आहेत माझे.

तुझं खोकं परत पाठवत नाही. कपाटावर ठेवलंय. रुडीनं ड्रिल तयार ठेवलंय. तू येत नसशील तर सोमवारी, बारा तारखेला टाकीला भोक पडेल, तुझा कॉम्प्युटर बसेल, आणि मी एकटी वुडवर्डला जाईन. जाणार मात्र नक्की.

आणि ख्रिसमसला तू जे विचारलंस त्याचं उत्तर, ये. आठ महिने उशीर झाला. कार्बुरेटर नेलास तसाच बॅगेत घालून आण.

शनिवारी, दहा तारखेपर्यंत मला कळलं पाहिजे. पत्रानं. येतोस की नाही, एवढंच लिही, मोठ्या अक्षरात.

पेचकस हातात घेऊन थांबलेली,
व्हर्ना